ठाण्यातील जनुकीय समुपदेशन केंद्र : आमच्या कुटुंबाचा सव्वा वर्षाचा अनुभव

नौपाड्यातील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील या केंद्रात आम्ही गेल्या सव्वा वर्षात सात वेळा गेलो. दुर्मिळ आजाराची शंका असलेल्या रुग्णाचा सगळा पूर्वेतिहास ऐकून घेणे, कोणत्या तपासण्या कराव्यात आणि कोणत्या करू नयेत हे सांगणे, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवणे आणि अहवाल आल्यावर तो कुटुंबाला समजावून देणे, एवढेच काम हे केंद्र करते. उपचार येथे होत नाहीत. त्यामुळे ज्यांना औषध लिहून हवे आहे त्यांनी येथे येऊ नये. ज्यांच्या हातात चार डॉक्टरांच्या चार फायली आहेत आणि त्यांचा मेळ लागत नाही, त्यांनी मात्र जरूर यावे. मी पाचपैकी चार तारे देत आहे. पाचवा का दिला नाही हेही खाली लिहिले आहे.

माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. ती नऊ वर्षांची असताना तिला कावीळ झाली होती. ऐरोलीतील आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, संसर्गाच्या नेहमीच्या काविळीपैकी कोणतीही निघाली नाही, त्यांनी विश्रांती आणि पथ्य सांगितले, आणि तीन आठवड्यांत डोळ्यांचा पिवळेपणा गेला. सासूबाईंनी साताऱ्याकडच्या गावाहून काविळीचे झाडपाल्याचे औषधही आणवले होते. कावीळ कशाने गेली यावर घरात बरेच दिवस बोलणे झाले. ती कशाने आली होती, हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नाही.

सहा वर्षांनी, ती नववीत असताना, तिचे अक्षर बिघडू लागले. पूर्वी वळणदार असणारे अक्षर बारीक आणि वेडेवाकडे झाले, शिक्षकांनी वहीत तसे शेरे लिहिले. काही महिन्यांनी वहीच्या पानांवर लाळेचे ओले डाग दिसू लागले, आणि तिला विचारले की ती चिडून वही मिटून टाकायची. पाण्याचा पेला उचलताना हात थरथरायचा, शब्द जड यायचे, क्षुल्लक गोष्टीवरून ती रडायची किंवा ओरडायची. दहावीचे वर्ष जवळ आले असल्यामुळे सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, आणि आम्ही आईवडिलांनीही तोच लावला. शाळेच्या सांगण्यावरून आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सुरू केलेल्या एका औषधाने तिचे अंग अधिकच ताठ झाले, तेव्हा तो औषधाचा दुष्परिणाम समजून ते औषध बंद केले गेले. पुढे एका मोठ्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला तपासले आणि इतर अनेक चाचण्यांबरोबर रक्तातील सेरुलोप्लाझ्मिनही मोजायला सांगितले. शरीरातील तांबे वाहून नेणाऱ्या या प्रथिनाचे प्रमाण सामान्यतः २० ते ४० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असते. तिचे २२ आले आणि विल्सनच्या आजाराच्या (शरीरात तांबे साठत जाणारा जनुकीय आजार, ज्यात हे प्रथिन सहसा कमी असते) शंकेवर तेथेच फुली पडली.

या डॉक्टरांपैकी कुणालाही मी दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. विल्सनचा आजार साधारणपणे तीस हजारांत एकाला होतो असे मानले जाते. वस्तीतल्या दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला तो उभ्या आयुष्यात एकदाही दिसला नाही, तर त्यात नवल नाही. अडचण आणखी एक आहे. हा आजार कुणात यकृताचा म्हणून दिसतो, कुणात मेंदूचा, कुणात मनाचा, आणि रुग्ण त्या त्या तज्ज्ञाकडे जातो. काविळीची फाईल एका दवाखान्यात होती, थरथरीची दुसऱ्या रुग्णालयात, आणि रागाची तिसरीकडे. त्या तिन्ही एकाच मुलीच्या आहेत हे फक्त आम्हांला ठाऊक होते, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असू शकतो हे आम्हांला ठाऊक नव्हते.

केंद्रात वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हा पलीकडून पहिली सूचना आली ती अशी की, मुलीच्या जन्मापासूनचे जे जे कागद घरात सापडतील ते सगळे आणा, निरुपयोगी वाटतील तेही. मी काविळीची जुनी पावती आणि रक्ताचा अहवाल कपाटाच्या तळाशी असलेल्या पिशवीतून शोधून काढला. तो सापडला नसता तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही करते.

पहिली भेट एक तास वीस मिनिटे चालली. समुपदेशिकाबाईंनी आमच्या दोन फायलींतील कागद सोडवून तारखेप्रमाणे टेबलावर मांडले आणि मग वंशावळ काढायला घेतली. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, आणि नवराबायकोंना जोडणारी रेघ. आमच्या दोघांमध्ये मात्र त्यांना दोन रेघा ओढाव्या लागल्या, कारण माझे लग्न माझ्या आतेभावाशी झाले आहे आणि माझ्या सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत. आमच्याकडे मामाची मुलगी करणे ही वहिवाट आहे, त्यात सांगण्यासारखे काही आहे असे आम्हांला कधी वाटले नव्हते, म्हणून आजवर कुठल्याच डॉक्टरला ते आपणहून सांगितले नव्हते. त्यांनीही विचारले नव्हते.

बाईंनी ते ऐकल्यावर चेहऱ्यावर काही दाखवले नाही. त्यांनी समजावले ते असे : प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते, आणि माणूस आयुष्यभर ठणठणीत राहतो. अशा लोकांना वाहक म्हणतात. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकाच आजीची किंवा आजोबांची तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो. ‘‘नात्यात लग्न करणाऱ्या बहुतेक जोडप्यांची मुले निरोगीच असतात,’’ असेही त्यांनी लगेच सांगितले. आत्या शेजारीच बसल्या होत्या, आणि हे वाक्य त्यांच्याकडे पाहून बोलले गेले. याबद्दल मी त्या बाईंची कायमची ऋणी आहे.

त्यानंतर त्यांनी काविळीचा जुना अहवाल पुन्हा हातात घेतला, सेरुलोप्लाझ्मिनच्या अहवालावरची तारीख पाहिली आणि त्या आठवड्यात मुलीची तब्येत कशी होती हे विचारले. तिला तेव्हा टॉन्सिल सुजून ताप आला होता. शरीरात कुठेही दाह किंवा संसर्ग असताना हे प्रथिन वाढते, त्यामुळे एरवी कमी असणारा आकडा त्या दिवसांत सामान्य दिसू शकतो, हे आम्हांला त्या दिवशी कळले. याच्या उलटही होते. निरोगी वाहकांत किंवा कुपोषणातही तो कमी दिसू शकतो. एका आकड्यावर या आजाराचे नाव लावता येत नाही आणि खोडताही येत नाही.

केंद्रातील डॉक्टरांनी त्या दिवशी जनुकीय चाचणी लिहून दिलीच नाही, आणि माझ्या मते या केंद्राचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. आम्ही तर महागडी चाचणी करायची म्हणून पैसे काढून घेऊन गेलो होतो. त्यांनी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या : डोळ्यांच्या डॉक्टरांकडून स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) तपासणी, चोवीस तासांच्या लघवीतील तांबे, आणि ताप नसताना पुन्हा सेरुलोप्लाझ्मिन. पहिली तपासणी गोखले रोडवरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी दहा मिनिटांत केली आणि तिच्या दोन्ही पारपटलांच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यांच्या) कडेला सोनेरी-तपकिरी कडे असल्याचे लिहून दिले. कायझर आणि फ्लायशर या दोन जर्मन डॉक्टरांनी १९०२ आणि १९०३ साली वर्णन केलेले हे कडे म्हणजे तेथे साठलेले तांबे. घाऱ्या डोळ्यांत ते कधीकधी नुसत्या नजरेलाही दिसते, आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत ते लपून राहते. मी त्या डोळ्यांत सोळा वर्षे पाहत होते आणि मला ते दिसले नव्हते.

लघवीच्या तपासणीत मात्र केंद्राकडून चूक झाली. नमुना घेणाऱ्या टेबलावरील मुलाने आम्हांला प्लास्टिकचा कॅन दिला, पण सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि तेथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी साठवायची, हे सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तो जड कॅन घेऊन आम्ही ठाण्यात आलो, आणि मोजणी चुकली म्हणून परत पाठवले गेलो. चालताना तोल जाणाऱ्या मुलीला घरी ठेवून आई आणि बाप दोघांनी रजा टाकायची, तीही दोनदा, हे नोकरी करणाऱ्या कुटुंबाला जड जाते. छापील सूचनेचा एक मराठी कागद कॅनला चिकटवला असता तरी हे टळले असते. दुसऱ्या वेळी आकडा आला ३१० मायक्रोग्रॅम. शंभराच्या वर तो या आजाराकडे ठळकपणे बोट दाखवतो. सेरुलोप्लाझ्मिन या वेळी ११ आले.

यानंतरच्या भेटीत डॉक्टरांनी आम्हांला आजार समजावला. अन्नातून रोज थोडे तांबे पोटात जाते आणि शरीराला ते लागतेही. जादा झालेले तांबे यकृत पित्तात सोडून बाहेर टाकते. ते सोडणारे प्रथिन ज्या जनुकाच्या सूचनेवर बनते त्याचे नाव एटीपी सेव्हन बी, आणि ते १९९३ साली सापडले. ते बिघडले की तांबे यकृतात साठत जाते, यकृत भरले की रक्तातून मेंदूत आणि डोळ्यांत उतरते. म्हणजे नवव्या वर्षीची कावीळ आणि पंधराव्या वर्षीचे बिघडलेले अक्षर हा एकच आजार होता, मध्ये सहा वर्षांचे अंतर ठेवून आलेला. किनिअर विल्सन या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९१२ साली हा आजार सविस्तर मांडला, त्या मांडणीतही यकृत आणि मेंदू एकत्रच होते. १९५६ साली ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध पुढे आणले, आणि त्यानंतर हा आजार उपचाराने आटोक्यात राहणाऱ्या मोजक्या जनुकीय आजारांपैकी एक झाला. उपचार आहे, म्हणूनच निदानाला झालेला उशीर इतका महाग पडतो.

निदानासाठी डॉक्टर गुण मोजतात. डोळ्यांतील कड्याचे दोन, मेंदूच्या लक्षणांचे दोन, लघवीतील तांब्याचे दोन, सेरुलोप्लाझ्मिनचा एक. एकूण सात झाले, आणि चार झाले तरी निदान पक्के धरतात. एमआरआय आधीच झाला होता. त्यावरील मेंदूच्या खोल भागातील बदल पूर्वीच्या अहवालात ‘अविशिष्ट’ म्हणून नोंदवलेले होते, तेही आता जागेवर बसले.

मग जनुकीय चाचणी कशासाठी, असा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला. डॉक्टरांनी तितकेच सरळ उत्तर दिले, ‘‘तुमच्या मुलीसाठी तिची गरज नाही. तिच्या भावासाठी आहे.’’

माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तो रोज फुटबॉल खेळत होता, त्याला कसलाही त्रास नव्हता, आणि आम्ही त्याला कधी केंद्रात नेलेही नव्हते. मुलीच्या रक्तातून फक्त ते एक जनुक वाचायचे, तिच्यातला नेमका बिघाड सापडला की तोच भावाच्या रक्तात शोधायचा, असे ठरले. पुढच्या टेबलावर आम्हांला हजारो जनुकांच्या मोठ्या चाचणीचे पत्रकही देण्यात आले होते. समुपदेशिकाबाईंनी ते बाजूला ठेवायला सांगितले. जेथे निदान कुठल्याच बाजूने लागत नाही तेथे ती मोठी चाचणी फार मोलाची ठरते, पण तिच्यात ज्यांचा अर्थ अजून विज्ञानालाच लागलेला नाही असे अनेक बदल सापडतात आणि कुटुंब त्या शब्दांना घेऊन वर्षभर झुरते, असे त्यांनी सांगितले. आम्हांला तिची गरज नव्हती. स्वतःच्याच केंद्राची महाग सेवा नको म्हणून सांगणारा माणूस तेथे बसलेला आहे, हे मी मुद्दाम नोंदवते. पुढच्या टेबलावरचे पत्रक आणि आतल्या खोलीतला सल्ला यांत ही तफावत मुळात नसावी, हेही नोंदवते.

पाच आठवड्यांनी अहवाल आला. मुलीच्या दोन्ही प्रतींत तोच एक बिघाड होता, आम्ही दोघे वाहक होतो. मुलाचा अहवाल त्यानंतर तीन आठवड्यांनी आला. त्याच्याही दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. त्याच्या यकृताच्या तपासणीत आकडे वाढलेले निघाले, डोळे स्वच्छ होते. बाईंनी तो अहवाल फोनवर सांगितला नाही, आम्हांला बोलावून घेतले, दुपारची शेवटची वेळ दिली आणि आम्ही उठेपर्यंत त्या बसून राहिल्या. त्यानंतर तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत बसलो होतो. आज मागे वळून पाहताना मला वाटते की त्या संध्याकाळी आमच्या घरात घडलेली सर्वांत चांगली गोष्ट घडली होती. मुलाला लक्षणे दिसण्याआधी झिंकच्या गोळ्या सुरू झाल्या. झिंकमुळे आतड्याच्या पेशींत तांबे धरून ठेवणारे एक प्रथिन वाढते, आणि त्या पेशी गळून पडतात तेव्हा तांबे त्यांच्याबरोबरच बाहेर जाते. गोळी उपाशीपोटी घेतली की त्याला मळमळते. एवढाच त्याचा आजार आहे, आणि औषध न चुकता घेतले तर तो एवढाच राहावा अशी आशा आहे.

मुलीला मेंदूविकारतज्ज्ञांनी पेनिसिलामाइन अगदी थोड्या मात्रेपासून सुरू केले, कारण ते एकदम सुरू केल्यास मेंदूची लक्षणे आधी वाढू शकतात. ते जेवणापासून अंतर ठेवून घ्यावे लागते, सोबत बी-६ जीवनसत्त्व असते, आणि रक्त व लघवी ठरावीक अंतराने तपासावी लागते. बरे वाटले म्हणून औषध बंद करणे जिवावर बेतू शकते, हे केंद्रातून आम्हांला तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांनी बजावले. सुधारणा महिन्यांच्या गतीने होते. लाळ थांबली आहे, अक्षर निम्मे परत आले आहे, बोलणे अजून जड आहे. तिने दहावीची परीक्षा एक वर्ष उशिरा, लेखनिक घेऊन दिली.

आहाराचे मार्गदर्शनही केंद्रात झाले आणि ते आपल्या स्वयंपाकघराला धरून होते, इंटरनेटवरून उतरवलेले नव्हते. काळीज, तिसऱ्या (शिंपल्या), खेकडे, काजू, शेंगदाण्याचे कूट, चॉकलेट, अळंबी, हे विशेषतः पहिल्या वर्षी वर्ज्य. आणि मग तांब्याचा हंडा निघाला. आमच्याकडे रात्री तांब्याच्या हंड्यात पाणी भरून सकाळी सगळ्यांनी तेच प्यायचे, हा आत्यांचा नेम होता, आणि तो त्यांनी नातवंडांच्या भल्यासाठीच पाळला होता. त्या एकदम म्हणाल्या, ‘‘म्हणजे मीच पाजलं की हो.’’ समुपदेशिकाबाई खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आजी, हंड्यामुळे हा आजार होत नाही. घरात सगळेच ते पाणी पीत होते ना? तुम्हांला काही झालं का? या दोन मुलांच्या यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही, म्हणून त्यांच्यापुरतं ते पाणी बंद.’’ आत्यांनी हंडा त्याच रात्री माळ्यावर टाकला. अशी पाच मिनिटे कुठल्या बिलात लावता येत नाहीत.

खर्चाबद्दल थोडक्यात. पहिल्या समुपदेशनाचे शुल्क आधी सांगितले गेले, पण पुढच्या प्रत्येक भेटीला निम्मे शुल्क लागेल हे बिल हातात आल्यावरच कळले. चाचणीच्या रकमेत काहीही लपवलेले नव्हते. आमच्या आजाराची औषधे आयुष्यभर लागणारी असली तरी नोकरदार घराला झेपणारी आहेत. बाहेर बाकावर आमच्याबरोबर गोशे या दुसऱ्या एका दुर्मिळ जनुकीय आजाराच्या बाळाला घेऊन कल्याणहून येणारे जोडपे असे, त्यांचा उपचार सामान्य माणसाच्या हिशेबाबाहेरचा. त्यांना केंद्राने परळच्या केईएम रुग्णालयात पाठवले. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ते मान्यताप्राप्त उत्कृष्टता केंद्र आहे, आणि अशा केंद्रांतून पात्र रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळण्याची तरतूद आहे. कागदपत्रांची यादी बाईंनी स्वतः लिहून दिली होती.

आता पाचव्या ताऱ्याविषयी. इमारतीला लिफ्ट नाही. ज्या केंद्रात चालता न येणारी, तोल जाणारी, श्वास न पुरणारी माणसे येणार, ते दुसऱ्या मजल्यावर असणे मला समजत नाही. पहिल्या भेटीत माझ्या नवऱ्याने मुलीला अक्षरशः उचलून वर नेले. संमतिपत्र आणि अहवाल दोन्ही केवळ इंग्रजीत असतात. तोंडी समजावणे उत्तम मराठीत होते, पण घरी गेल्यावर हातात जो कागद उरतो तो आत्यांना वाचता येत नाही, आणि मलाही त्यातले निम्मे शब्द पुन्हा फोन करून विचारावे लागले. तो फोनही दुपारनंतर सहसा लागत नाही. लघवीच्या कॅनचा घोळ वर लिहिलाच आहे. त्याची तक्रार केल्यावर क्षमा मागितली गेली आणि दुसऱ्या तपासणीचे पैसे घेतले गेले नाहीत.

शेवटच्या भेटीत बाईंनी वंशावळीचा तो पहिला कागद पुन्हा बाहेर काढला आणि एका कोपऱ्यावर पेन ठेवले. माझी धाकटी बहीण माझ्याच दिराला दिलेली आहे. म्हणजे त्यांच्यामध्येही दोन रेघा आहेत. त्या दोघांपैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार असण्याची शक्यता सोळांत एक, असा हिशेब त्यांनी त्याच कागदावर मांडून दिला. बिघाड कोणता हे आता माहीत असल्यामुळे त्या मुलांची चाचणी लहान आणि स्वस्त आहे. बहीण साताऱ्याला असते, तिची मुले आठ आणि पाच वर्षांची आहेत. तिने आधी नको म्हटले, मग दिराने मला एकटीला फोन करून कागदाचा फोटो मागितला. दोन्ही मुलांचे रक्त गेल्या सोमवारी याच केंद्रातून प्रयोगशाळेकडे गेले असून अहवाल यायला अजून तीन आठवडे आहेत.